तीन पाती आणि टेबलावरचा दगड

मुंबईहून आलेल्या कागदावर पहिलाच प्रश्न होता, ‘आपल्या धक्क्यावर सलग किती लांबीची वस्तू आडवी ठेवता येईल?’ मी तो तीनदा वाचला आणि बाजूला ठेवला. आमच्या धक्क्यावर कोळसा यायचा. कोळशाला लांबी नसते.

दुसरा प्रश्न जमीन किती भार सोसते असा होता. तिसरा, धक्क्यापासून हमरस्त्यापर्यंत वळणं किती आणि त्यांतलं सर्वांत अडचणीचं कुठलं. चौथा, वाऱ्याचा जोर किती झाला की क्रेन बंद ठेवता? आमच्याकडे क्रेन एकच होती आणि बंद पडायला तिला वाऱ्याची गरज लागत नसे. सगळ्यांत शेवटी लिहिलं होतं की हा माल पवनचक्कीचा आहे. ते वाचून मी जास्तच गोंधळले. पवनचक्की डोंगरावर असते एवढं मला माहीत होतं. तिचा खाडीतल्या चिखलाशी काय संबंध?

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पेणच्या पुढे, डोलवीच्या अलीकडे, खाडीच्या एका फाट्यावर आमचा धक्का होता. आमचा म्हणजे मालकांचा. ते मुंबईत राहत आणि फोनवरून बंदर चालवत. मी रोह्याहून सकाळच्या पॅसेंजरनं निघायचे. निडी, नागोठणे, कासू करत पेणला उतरायचे, पुढे एसटी, आणि मग खाडीच्या बांधावरून वीस मिनिटं पायी. हुद्दा कारकुनाचा, पण टंकलेखन, हजेरी, फोन, भरती-ओहोटीची नोंद, सगळं माझ्याच गळ्यात. धक्क्यावर बी.ए. झालेली मी एकटीच. त्यामुळे ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. न कळलेल्या गोष्टीवर ठामपणे मान डोलवायची आणि संध्याकाळी घरी जाऊन भांडी आपटायची, ही माझी तेव्हाची रीत होती.

कचेरीतल्या वस्तूंना पाय फुटत. म्हणून मी एके दिवशी पांढरा रंग आणि काडी घेऊन बसले आणि प्रत्येक वस्तूवर तिची जागा लिहून टाकली. खुर्चीवर ‘टेबल १’, पट्टीवर ‘टेबल १’, टाचणीच्या डबीवरही ‘टेबल १’. टेबल १ माझं. टेबल २ मालकांचं, ते वर्षातून दोनदा यायचे. कागदांवर ठेवायला मी कुंडलिकेच्या पात्रातला एक काळा गोटा रोह्याहून पिशवीत घालून आणला होता, दोन मुठींएवढा, हाताला गार लागणारा. खाडीवरचा वारा खिडकीतून येऊन सगळे कागद उधळायचा आणि तिथल्या खाजणात शोधूनही दगड सापडायचा नाही. हात घालावा तिथे चिखल. त्या गोट्यावरही मी ‘टेबल १’ लिहिलं होतं. मुकादम हसले होते. “दगड कोन चोरतंय, बाय?”

मुकादमांना मी मामा म्हणायचे. साठीला आलेला, सडपातळ, खाडीकाठचा माणूस. तरुणपणी ते शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. भात, मीठ, कौलं घेऊन मुंबईपर्यंत जात. पुढे इंजिनाच्या बोटी आल्या, शिडं गेली, आणि मामा धक्क्यावर कोळसा उतरवणाऱ्या टोळीचे मुकादम झाले. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पण टोळीतल्या चाळीस माणसांची हजेरी ते तोंडपाठ सांगत आणि माझ्या वहीत चूक निघे.

तो कागद आला तेव्हा धक्क्याला उतरती कळा लागली होती. मोठ्या गिऱ्हाइकांनी आपापले धक्के बांधायला घेतले होते आणि आमच्याकडे आठवड्यातून एखादीच बार्ज लागत होती. मालक फोनवर म्हणाले, “ही पहिली खेप नीट पोचली तर पुढच्या सगळ्या चक्क्या आपल्याकडून जातील, असं कबूल केलंय त्यांनी. नाही पोचली तर उन्हाळ्यात कुलूप लावायचं. कळलं ना?” हे मात्र मला लगेच कळलं.

मग इंजिनीअर आला. दक्षिणेकडचा, माझ्याच वयाचा, हिंदी जेमतेम, मराठी अजिबात नाही. देवनागरी अक्षरं तर त्याला वेलबुट्टीसारखीच दिसत असावीत. त्यानं खडूनं धक्क्यावरच नकाशा काढला. पातं इतकं लांब की मुंबईहून रस्त्यानं आणलं तर पुलावर अडेल, बाजारपेठेत अडेल, वळणावर तर हमखास अडेल. पाण्याला वळणाची अडचण नाही. म्हणून लांब वस्तू पाण्यातून डोंगराच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची आणि रस्ता उरेल तेवढाच वापरायचा. शिवाय चक्कीचे भाग एकदम येत नाहीत. आधी खांब येतो, मग यंत्र, मग पाती, आणि कधी कधी नेमकं उलटं. सगळे जमेपर्यंत त्यांना निजवून ठेवायला मोकळी, सपाट जागा लागते. मोठ्या बंदरात अशी जागा कोण देतो? “छोटा पोर्ट, बडा मैदान,” तो म्हणाला. मी मान डोलवली.

रोह्यापलीकडच्या एका उघड्या माळावर ते एकच चक्की लावून बघणार होते. मी विचारलं, इथेच का नाही लावत? इथे इतका वारा आहे की माझे कागद टिकत नाहीत. तो हसून म्हणाला, हा वारा काही कामाचा नाही. मला कारण नसताना वाईट वाटलं, आपल्या घरच्या माणसाला कुणी नावं ठेवावीत तसं.

मामा सगळं ऐकत उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, “बाय, वाऱ्यावर चालनारं यंत्र डिझेलच्या बोटीनं का आनतान?”

मी हिंदीत विचारलं. इंजिनीअरनं बराच वेळ उत्तर दिलं. त्यातलं मला अर्धं समजलं आणि जे समजलं ते पटलं की नाही हे ठरेना. मी मामांना सांगितलं, “आणावं लागतं.”

“व्हय,” मामा म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, यांना माहीत आहे मला काही कळलेलं नाही.

वळणांचा प्रश्न मामांनीच सोडवला. पात्याच्या लांबीएवढे बांबू एकाला एक बांधले, पुढे चार माणसं, मागे चार, आणि ती काठी खांद्यावर घेऊन धक्क्यापासून हमरस्त्यापर्यंत चालत निघाले. मी वही घेऊन मागे. गावातल्या वळणावर काठीची शेपटी एका घराच्या कुंपणात घुसली. घरातली बाई धावत बाहेर आली, काठी बघून थबकली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, “गो, पानी आन, देवाची काठी आली!” आमच्याकडे जत्रेत देवाची उंच काठी अशीच खांद्यावरून येते. बघता बघता दोघीतिघी तांब्या घेऊन आल्या, काठी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, बांबूला हळदकुंकू लावलं. कुंपण मागे घ्यावं लागेल म्हटल्यावर बाईनं एका शब्दानं हरकत घेतली नाही. इंजिनीअरनं विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, “वेलकम.” बाईला मी काही खुलासा केला नाही, इंजिनीअरलाही नाही. कुंपण हललं ना, झालं तर, असं मला वाटलं.

भरतीचंही तसंच. इंजिनीअरला बार्ज आत यायची अचूक वेळ हवी होती. मामा म्हणाले, “तिथीची पाऊनपट कर.” पौर्णिमेला पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वा अकरा, तेव्हा समुद्राला पुरती भरती, आणि ती आमच्या फाट्यापर्यंत चढायला आणखी पाऊण तास. मी ‘दुपारी बारा’ लिहून दिलं. त्यानं आपलं छापील पुस्तक काढून पाहिलं आणि चकित झाला, कारण वेळ जुळली होती. हे कसं काय? त्यानं मला विचारलं, मी मामांना. मामा म्हणाले, “तसाच हाय तो.” हे हिंदीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

पाती येण्याआधी टोळीतल्या बायकांनी आठवडाभर धक्का धुतला. वर्षानुवर्षांचा कोळसा, पहिले तीन दिवस नुसतं काळं पाणी वाहत होतं. पौर्णिमेला भर दुपारी बार्ज लागली आणि ती तीन पांढरी पाती एकेक करून खाली आली. मला ती अवाढव्य उलथन्यांसारखी दिसली. मामांनी मात्र एकाच्या फुगीर पाठीवरून सावकाश हात फिरवला. “हा शीडच हाय, बाय,” ते म्हणाले. “फक्त कडक केलेला.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला पवनचक्की थोडीशी समजली असं वाटलं. नंतर पुन्हा निसटली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तिन्ही पाती एकाच लांब ट्रेलरवर, लाकडी चौकटींत घट्ट बांधली होती. माळावर चढवण्याआधी पाती तपासायला रोह्याला एका जुन्या तेलाच्या घाण्याचं मोठं आवार भाड्यानं घेतलं होतं. त्याचे मालक एक म्हातारे शनवार तेली, म्हणजे शनिवार पाळणारे कोकणातले ज्यू. मुलंबाळं सगळी इस्रायलला गेलेली, हे एकटे मागे राहिलेले. शुक्रवारी सूर्य मावळला की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ते फाटक उघडत नसत. त्यामुळे दिवसाउजेडी पोचायलाच हवं होतं. इंजिनीअर गाड्या अडवायला पुढे हमरस्त्यावर गेला होता. मी गेटपासवर लिहिलं, ‘पाती, नग ३’. आणि टोळी थांबली.

ट्रेलरच्या बाजूला हात मागे बांधून सगळे उभे. मामा खिडकीशी आले. “बाय, तीन जनं वाटंला लागत नाय.”

मला कळायला क्षणभर लागला. मग कळलं, कारण आमच्या घरीही तेच होतं. तिघांनी मिळून घराबाहेर पडायचं नाही. पडावंच लागलं तर खिशात एक खडा घ्यायचा, तो चौथा. आई अजून माझ्या पर्समध्ये खडा टाकायची. माझा त्यावर विश्वास नव्हता आणि तो खडा फेकून द्यायची हिंमतही नव्हती.

“मामा, ही माणसं नाहीत. पाती आहेत,” मी म्हटलं.

“एकाच ठिकानी, एकाच कामाला चाललीत. तिघं. एक दगड दे, मंग हलू.”

दगड कुठून द्यायचा? बाहेर सगळा चिखल. कोळसा चालणार नव्हता, तो जळणारा. काँक्रीटचा तुकडाही नको, तो फोडलेला. हमरस्त्यावर इंजिनीअर ताटकळत असणार, रोह्याला म्हातारे सूर्याकडे बघत बसलेले असणार. मी वैतागून टेबलावरचा गोटा उचलला आणि खिडकीतून मामांच्या हातात दिला. “घ्या. आणि निघा एकदाचे.” त्याबरोबर वाऱ्यानं सगळे कागद उडाले. ते गोळा करताना मी खिडकीतून ओझरतं पाहिलं: मामा क्रेनवाल्याला खुणा करायचं तांबडं फडकं गोट्याला गुंडाळत ट्रेलरच्या मागच्या बाजूला चालले होते. पुढे मी पाहिलं नाही.

पाती सुखरूप पोचली. कुंपणवालीनं हात जोडले, एकही फांदी मोडली नाही. मालकांनी फोनवर मला प्रथमच ‘शाब्बास’ म्हटलं. शनिवार-रविवार मी घरी चक्क एकही भांडं आपटलं नाही.

सोमवारी सकाळी इंजिनीअरचा फोन आला. आवाज बसलेला. “अंदर कुछ टूटा है. मुकादम को लेके आओ.”

जीप निघाली. मी, मामा आणि ड्रायव्हर. वडखळ यायच्या आतच मामा चुळबुळू लागले. “तिघंच हाव आपन.”

“मामा, पुरे हां,” मी खेकसले. आणि मग मला टेबलावरचा गोटा आठवला. “मामा, त्या दिवशी तो दगड कुठे ठेवलात?”

“आतच ठेवलाय. पात्याच्या तोंडाशी, टोपनाखाली. बाहेर बांधला तं वाटंत पडंल ना.”

पातं आतून पोकळ असतं, हे मी धक्क्यावर पाहिलं होतं. नागोठणं येईपर्यंत मी हिंदीत वाक्य जुळवत होते: दगड आत आहे, तो आमच्याकडून गेला, दगड माझा, दिला मी. चार सोपी वाक्यं होती. पाठ झाली होती.

आवाराचं फाटक उघडून देऊन म्हातारे घरी गेले होते. आत इंजिनीअर आणि कंपनीचा परप्रांतीय क्रेनवाला, दोघेच. ड्रायव्हर बाहेर चहा प्यायला थांबला. इंजिनीअरनं पट्टे लावून एक पातं हळूच कलतं केलं. आतून आवाज आला, गुडगुड, गुडगुड, लांबवर जाऊन थांबला. तो पात्याला कान लावून उभा राहिला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. त्याचीही ही पहिलीच चक्की होती. आतला सांधा सुटला असणार, तो म्हणाला. उतरवताना तुमच्या माणसांनी आपटलं. पातं बाद झालं तर नवीन परदेशातून यायला महिने लागतील. आता अहवाल लिहायचा आणि पुढचा माल दुसऱ्या बंदरातून आणायचा, दुसरं काय?

मी तोंड उघडलं. चारही वाक्यं तिथेच होती, जिभेवर. आणि मला ती बोलता आली नाहीत. अजूनही मला नीट सांगता येत नाही का ते. बी.ए. झालेल्या, टाचणीच्या डबीवरही नाव घालणाऱ्या बाईनं यंत्रात दगड घातला, हे मला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, असं असेल. मी शरमले आणि घाबरले, एवढं खरं.

“साहेब,” मामा पुढे झाले. “अंदर पत्थर हाय. हमने रखा.”

टोपण काढून क्रेननं पात्याचं निमुळतं टोक उचललं. गुडगुड पुन्हा सुरू झाली, जवळ जवळ येत गेली, आधी तांबडं फडकं बाहेर पडलं आणि मग मातीत धप्पकन माझा गोटा. पांढरी अक्षरं वर. इंजिनीअरनं तो उचलला, उलटासुलटा केला आणि विचारलं, “ये क्या लिखा है?”

तिथे ते वाचू शकणारी मी एकटी होते. मी काही बोलण्याच्या आत मामा म्हणाले, “भगवान का नाम है, साहेब.”

इंजिनीअरनं माझ्याकडे पाहिलं. खरंच? मी मान डोलवली.

त्यानं टॉर्च घेऊन आत डोकं घातलं, बराच वेळ तपासलं. पात्याला ओरखडाही नव्हता. मग मात्र त्याचा सगळा धीर सुटला आणि तो मामांवर ओरडला. तमिळ, हिंदी, इंग्रजी सगळं एकत्र. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. त्यानं तिथूनच मालकांना फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मालक म्हणाले, “वाचलो. काम आपल्याकडेच राहतंय. पण तो माणूस त्यांना पुन्हा मालाजवळ दिसायला नकोय. त्याला मुकादमीवरून काढल्याचं लेखी द्या. उद्याच टाइप करा.”

“हो,” मी म्हटलं.

परत येताना जीपमध्ये पुन्हा आम्ही तिघंच. गोटा मामांच्या मांडीवर होता. या वेळी चौथा होता म्हणून की काय, ते शांत बसले होते. कासूच्या आसपास मला राहवेना. ड्रायव्हर ऐकत होता म्हणून मी हळू आवाजात विचारलं, “मामा, देवाचं नाव असं का सांगितलंत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मंग काय हाय ते?”

त्यांना वाचता येत नव्हतं. मी त्या दिवशी रंग घेऊन काय लिहीत होते ते त्यांना खरंच माहीत नव्हतं का? की सगळं माहीत होतं आणि मी काय म्हणते ते त्यांना बघायचं होतं? इतकी वर्षं मी हा प्रश्न उलटासुलटा करते आहे. ते हसले होते, ‘दगड कोन चोरतंय’ म्हणाले होते, हे आठवतं. मग वाटतं, माहीत होतं. मग त्यांचा तो साधा चेहरा आठवतो आणि वाटतं, नव्हतं.

कचेरीत शिरल्यावर त्यांनी गोटा कपाळाला लावला आणि माझ्या टेबलावर, होता तिथे ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पत्र टाइप केलं. मालकांनी सांगितलेला मजकूर होता, त्यात एक शब्द माझा नव्हता. मामा आले, नेहमीसारखे दारात चपला काढून. पत्र गोट्याखाली होतं. त्यांनी गोटा उचलून बाजूला ठेवला, कागद हातात घेतला आणि माझ्यासमोर धरला.

“वाचून दाखव, बाय.”

मी वाचलं. “कचेरीला न विचारता मालामध्ये दगड ठेवल्याबद्दल आपणास मुकादमीवरून कमी करण्यात येत आहे.” ‘न विचारता’पाशी मी थांबले. मामा वाट बघत होते. मी पुढे वाचलं.

“बराबर लिवलंय,” ते म्हणाले. त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि मी बोट दाखवलं तिथे उमटवला. खिडकीतून वारा येत होता. जाताना त्यांनी गोटा उचलला आणि उरलेले कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवला.